आज्ञा आणि प्रत्युत्तर : दापोडे येथील एका स्वनिर्मित यंत्राच्या निमित्ताने गतिनियंत्रणाच्या इतिहासाचा विचार

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे मानकोली नाका ते अंजूर फाटा या रस्त्यावरील गाव आज गोदामांमुळे ओळखले जाते. मुंबईची जकात वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत, चालू होती. शहराच्या वेशीबाहेर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांस सोयीचे असल्याने येथील भातजमिनींवर पत्र्याच्या छपरांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि जकात गेल्यावरही त्या हटल्या नाहीत. या गोदामांच्या पाठीमागे लहान लहान गाळे आहेत. त्यांपैकी एका भाड्याच्या गाळ्यात एका तरुणाने प्लायवूड व एमडीएफचे तक्ते कोरणारे संगणकनियंत्रित राऊटर यंत्र स्वतः बांधले आहे. प्रस्तुत लेखक भिवंडीच्या यंत्रमागांवरील कामगारांच्या परिभाषेची टिपणे घेत हिंडत असता एका माजी विद्यार्थ्याने, आपल्या भावाची करामत पाहावी म्हणून, त्यास तेथे नेले. मागाचे काम बाजूला राहिले आणि या यंत्राशीच बराच काळ गेला. त्याचे कारण त्या तरुणाने विचारलेला एक प्रश्न होय. मोटरी व त्यांचा नियंत्रक बदलावयाचा असून निवड कशी करावी, हा तो प्रश्न. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने यावर काय सांगावे? तथापि या प्रश्नास दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील एक धागा थेट भिवंडीच्या मागांतून जातो, हे हळूहळू ध्यानात आले.

यंत्राची रचना साधी आहे. लोखंडी चौकटीवर एक पूल पुढे-मागे सरकतो. पुलावर कातणारा स्पिंडल डावी-उजवीकडे जातो व खाली-वर होतो. प्रत्येक हालचालीस आटे पाडलेला एक दंड, त्यास जोडलेली मोटर, मोटरला वीज पुरविणारा ड्रायव्हर, आणि किती सरकावयाचे हे ड्रायव्हरला सांगणारा नियंत्रक, अशी साखळी आहे. मोटर स्टेपर जातीची, म्हणजे अखंड न फिरता पावलापावलाने फिरणारी. एका फेऱ्यास २०० पावले. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो. म्हणजे १६०० विद्युत्स्पंद दिले की एक फेरा होतो, आणि एका फेऱ्यात दंड ५ मिलिमीटर सरकवितो. एका मिलिमीटरास ३२० स्पंद, हा आकडा नियंत्रकात एकदा नोंदवून ठेवावयाचा असतो.

गेल्या उन्हाळ्यात देव्हाऱ्याच्या एका जाळीचे काम यंत्रावर लावून तो शेजारी जेवावयास बसला. परत येऊन पाहतो, तो जाळीचा अर्धा भाग बिनचूक, आणि उरलेला अर्धा सुमारे चार मिलिमीटर डावीकडे सरकलेला. नक्षी कोठे तुटलेली नव्हती, वेलबुट्टीची वळणे जशीच्या तशी होती. एका लांब व वेगवान सरकणीत मोटर कोठेतरी अडखळली. त्यानंतरची प्रत्येक आज्ञा यंत्राने चुकीच्या जागेवरून, परंतु अत्यंत निष्ठेने पार पाडली. “सर, मोटर स्टेप मिस करते, पण सांगत नाही,” असे तो म्हणाला. हे वाक्य लेखकाने वहीत टिपून घेतले.

गतिनियंत्रणाच्या इतिहासात दोन प्रश्न आहेत. पहिला, हालचालीची आज्ञा कोठे व कोणत्या रूपात साठवावयाची. दुसरा, ती पाळली गेली की नाही हे कोणास व कसे कळावयाचे. पहिल्या प्रश्नाचा इतिहास, म्हणजे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांपासून संगणकापर्यंतची कहाणी, पुष्कळांनी सांगितली आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे त्या मानाने लक्ष गेलेले नाही. सामग्रीची निवड करणाऱ्यास मात्र अखेर नडतो तो दुसराच.

साध्या यंत्रमागात आज्ञा लोखंडात ओतलेली असते. वरचा क्रँकचा दंड दोन फेरे फिरतो तेव्हा खालचा दंड एक फेरा पुरा करतो. त्यावरील कॅम ताण्याचे अर्धे धागे आळीपाळीने वर उचलतात व धोटा एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने फेकतात. कापड किती दाट व्हावे हे ठरविणारे एक बदलते दातेरी चाक असते. त्याच्या जागी दुसऱ्या दात्यांचे चाक बसविले की इंचामागील बाण्याच्या धाग्यांची संख्या बदलते. हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या आटे पाडण्याच्या लेथवरही हीच युक्ती आहे. दापोड्याच्या नियंत्रकातील ३२० हा आकडा या बदलत्या चाकाचाच वंशज होय. चाक गेले, दातांचे गुणोत्तर तेवढे राहिले.

नक्षीचे कापड विणावयाचे तर आज्ञा बदलती हवी. डॉबीमध्ये ती लाकडी पट्ट्यांच्या साखळीवर ठोकलेल्या खुंट्यांत असते. खुंटी असेल तेथे धाग्यांची चौकट उचलली जाते. फ्रान्समध्ये लियाँ येथे बुशाँ याने १७२५ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदाच्या पट्टीचा आणि फाल्काँ याने १७२८ मध्ये एकमेकांस ओवलेल्या पत्त्यांचा उपयोग केला. १८०४ च्या सुमारास जॅकार्डने या प्रयत्नांना व्यवहारात टिकणारे रूप दिले. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी होलेरिथने छिद्रांचे पत्ते वापरले. ही कल्पना त्याने मागावरून घेतली की रेल्वेच्या तिकिटावर छिद्रे पाडून उतारूचे वर्णन नोंदविण्याच्या पद्धतीवरून, याविषयी मतभेद होऊ शकतो. त्याचा निर्वाळा येथे आवश्यक नाही.

पत्ता वा खुंटी सांगते, ‘हा धागा उचल’. धागा उचलला गेला काय? तो तुटलेला तर नाही? हे पत्त्यास ठाऊक नसते. बाण्याच्या बाजूने यंत्रमागात पूर्वीपासून एक लहानसा काटा असतो. आडवा धागा आला नाही तर तो माग थांबवितो. ताण्याचे धागे हजारोंनी असतात आणि साध्या मागात त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नसते. तेथे विणकराचा डोळाच हवा.

भिवंडीत या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग वसविले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेवरील मागांकडे ते वळले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊन ते दुरुस्त करून चालविणे, हा येथील धंद्याचा पाया होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर इकडे सरकले, तेही मुख्यतः अशाच साध्या मागांवर. एक कामगार चार, सहा, प्रसंगी त्याहून अधिक माग सांभाळतो. तो एका वेळी एकाच मागाकडे पाहू शकतो, म्हणून उरलेल्यांकडे कान देतो. बाहेरच्यास सारी खडखड एकच वाटते. ज्या कामगारांशी लेखकाचे बोलणे झाले त्यांपैकी एकाने मात्र पाठमोरे उभे असताना तिसऱ्या मागाचा आवाज बदलल्याचे सांगितले आणि तो तिकडे गेला. मागाचे प्रत्युत्तर येथे माणसाच्या कानात पूर्ण होत होते. मजुरी स्वस्त असेल तोवर मालकास हा कान यंत्रातील सुधारणेपेक्षा स्वस्त पडतो, हे कटू असले तरी खरे आहे.

ताण्यास वाचा देण्याची युक्ती नवी नाही. प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी लटकत ठेवावयाची. धागा तुटला की पट्टी खाली पडते व माग थांबतो. अमेरिकेतील नॉर्थ्रप मागावर अशी सोय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होती. जपानमध्ये साकिची तोयोदा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात, चूक होताच यंत्राने स्वतः थांबावे हे तत्त्व मध्यवर्ती होते. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने विकत घेतले. भिवंडीत मात्र १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हाही साध्या मागांवर जागच्या जागी बसवावयाच्या सुधारणांत ताणा तुटल्यास माग थांबविणारी ही साधी पट्टी होतीच. ज्या युक्तीस सव्वाशे वर्षे होत आली होती, तिच्यासाठी अनुदान द्यावे लागत होते.

आता मागाकडून कातकामाच्या यंत्राकडे येऊ. मध्ये एक लहानसे वळण घेणे भाषेच्या अभ्यासकास टाळवत नाही. काश्मीरच्या कानी शाली व गालिचे यांच्या विणकामात नक्षी ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिली जाते. अमुक रंगाचे इतके धागे, मग तमुक रंगाचे इतके, अशा क्रमाने तिच्यात आज्ञा असतात. एकाने ती मोठ्याने वाचावयाची व मागावर बसलेल्यांनी त्याप्रमाणे हात चालवावयाचे, अशी रीत होती. मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हा हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करीत असता १९४० च्या दशकात त्याच्या कारखान्यात जवळजवळ हेच घडले. पात्याच्या वक्रतेवरील बिंदूंचे आकडे आय.बी.एम.च्या छिद्रपत्त्यांच्या यंत्रावर काढीत. मग एक जण कोष्टकातील आकडे मोठ्याने वाची, आणि मिलिंग यंत्राच्या दोन चाकांवर बसलेले दोघे, एक लांबीच्या व एक रुंदीच्या दिशेचा, ती चाके तेवढी फिरवीत. संख्यानियंत्रणाचा आरंभ हा असा अक्षरशः उच्चारलेल्या आज्ञेतून झाला आहे. आणि उच्चारलेल्या आज्ञेचा एक गुण असा की ऐकणारा ‘थांबा, चाक अडकले’ असे म्हणू शकतो.

वाचणारा व ऐकणारे हे तिघेही काढून टाकावयाचे, हा पार्सन्सचा पुढील प्रयत्न. अमेरिकन हवाई दलाने त्यास १९४९ मध्ये काम दिले आणि त्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्वो-यंत्रणा प्रयोगशाळेचे साहाय्य घेतले. युद्धकाळात तोफांच्या नियंत्रणावर काम केलेले हे लोक. तोफ सांगितलेल्या दिशेस खरोखर वळली की नाही हे मोजून, फरक पडला असल्यास तो भरून काढावयाचा, ही त्यांची सवय होती. १९५२ मध्ये त्यांनी दाखविलेल्या मिलिंग यंत्रात छिद्रांच्या पट्टीवरून आज्ञा जात होती. पण प्रत्येक अक्षाची खरी जागा मोजून परत कळविण्याची सोयही त्यात होती. तिघे माणूस गेले, तरी त्यांचे ऐकणे यंत्रात ठेवले गेले. त्यासाठी लागलेली निर्वात नलिकांची कपाटे इतकी अवाढव्य व खर्चिक होती की विमानांच्या कारखान्यांपलीकडे हे यंत्र दीर्घकाळ गेले नाही.

आज्ञेची भाषा पुढे स्थिरावली. आरएस-२७४ या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले; तिची ‘डी’ आवृत्ती १९८० ची आहे, आणि दापोड्याच्या गाळ्यातील यंत्र आजही तिचीच एक बोली समजते. या भाषेत एक अक्षर व त्यापुढील संख्या मिळून जे होते त्यास ‘शब्द’ म्हणतात, ही संज्ञा आमची नव्हे, अभियंत्यांची. एका ओळीत ‘जी १’ म्हटले, म्हणजे ‘ठराविक वेगाने सरळ जा’, की पुढील ओळींत नुसते ठिकाण सांगितले तरी चालते. क्रिया बदलणारी दुसरी आज्ञा येईपर्यंत पहिली लागू राहते. अष्टाध्यायीच्या वाचकास यात अनुवृत्तीची आठवण होईल : एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत न उच्चारताही चालू राहते आणि तेवढे अक्षरलाघव साधते. साम्य अधिक ताणण्याचे कारण नाही. लांबलचक पट्टीवर छिद्रे पाडणाऱ्यास व सूत्रे मुखोद्गत करणाऱ्यास काटकसरीची गरज सारखीच होती, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु या भाषेचे व्याकरण पाहता एक उणीव लक्षात येते. तिच्यात सारी क्रियापदे आज्ञार्थी आहेत, भूतकाळ नाही. ‘जा’ आहे, ‘गेलो’ नाही. १९५२ च्या यंत्रात ‘गेलो’ हे म्हणण्याचे काम भाषेबाहेर, मोजणाऱ्या साधनांकडे सोपविले होते. ती साधने काढून टाकली, तरी भाषेचे एकही अक्षर बदलावे लागत नाही. म्हणूनच ती निघून गेलेली कोणास जाणवत नाही.

ती काढून टाकणे शक्य झाले ते स्टेपर मोटरमुळे. पावले मोजून दिली म्हणजे ठिकाण मोजण्याची गरज नाही, असे मानले की अर्धी यंत्रणा वाचते. संगणकाचे छापयंत्र व फ्लॉपी चालविणारी यंत्रे यांत अशा मोटरी लाखोंनी लागल्या आणि स्वस्त झाल्या. छापयंत्राचे कागद सरकविण्याचे काम हलके व ठरीव असते. तेथे हे गृहीत बहुधा खरे ठरते. घरी यंत्र बांधणाऱ्या पिढीने जुन्या छापयंत्रांतून याच मोटरी काढून घेतल्या. लॅमिंग्टन रोडवरून विजेचे भाग, नागदेवी स्ट्रीटवरून बेअरिंगे व दंड, भंगारातून चौकट, ही मुंबईकर कारागिराची खरेदीची फेरी. आणि गिरणीचे जुने माग आणून चालविणाऱ्या भिवंडीस ती अपरिचित वाटू नये.

नियंत्रकही याच सुमारास घरी आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९० च्या दशकात लिहिलेली नियंत्रणप्रणाली सार्वजनिक मालकीची असल्याने अनेकांनी ती पुढे वाढविली; आज ती लिनक्स-सीएनसी नावाने चालते. माक-थ्री या प्रणालीने विंडोजवरील सामान्य संगणकाचे छापयंत्राचे छिद्र मोटरींना जोडून दिले. २००९ मध्ये नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कोग्सरुड याने लिहिलेली जीआरबीएल तर हाताच्या पंजात मावणाऱ्या आर्डुइनो पाटीवर चालते. यांपैकी दापोड्याच्या तरुणाने प्रथम तिसरी निवडली, ती स्वस्ताईमुळे.

तिच्या मर्यादेचा हिशेब त्याने मांडून दाखविला. मिनिटास सहा मीटर, म्हणजे सेकंदास १०० मिलिमीटर वेग हवा, तर ३२० च्या हिशेबाने सेकंदास ३२,००० स्पंद लागतात. त्या छोट्या पाटीची धाव सुमारे ३०,००० पर्यंत. शिवाय त्या वेगास मोटरला मिनिटास १२०० फेरे घ्यावे लागतात. स्टेपरच्या वेटोळ्यांत वीजप्रवाह चढण्यास थोडा अवधी लागतो. फेरे वाढले की तो अवधी मिळत नाही आणि जोर झपाट्याने गळतो. वीजपुरवठा ४८ व्होल्टचा असता तर प्रवाह लवकर चढला असता. त्याचा २४ चा होता. जाळी बिघडली ती येथे. पाच मिलिमीटरऐवजी एका फेऱ्यात दहा मिलिमीटर सरकविणारा दंड घेतला तर स्पंद १६,००० वर व फेरे ६०० वर येतात. सूक्ष्मता कागदावर निम्मी होते हे खरे. पण पावलाचे आठ किंवा सोळा भाग केल्याने लाकडात तितकी अचूकता उतरते, हा एक भ्रमच आहे. विकत घेणाऱ्यास मोठ्या आकड्याचा मोह पडतो आणि विकणारा तो पुरवितो.

दुसरा मार्ग प्रत्युत्तर देणाऱ्या मोटरीचा. स्टेपरच्या मागील टोकास रेषा आखलेली चकती बसविलेल्या मोटरी आता आवाक्यातील किमतीस मिळतात. हजार रेषांच्या चकतीवर एका फेऱ्यात चार हजार खुणा मोजता येतात. मोटर मागे पडली तर ड्रायव्हर तिला ओढून घेतो. फारच मागे पडली तर हार मानून इशारा देतो. पण हा संवाद मोटर व ड्रायव्हर या दोघांतच पुरा होतो. नियंत्रकास तो ऐकू जावा यासाठी ड्रायव्हरमधून इशाऱ्याची एक वेगळी तार निघते, ती नियंत्रकास जोडावी लागते. घरगुती यंत्रांत ही तार जोडली नाही तरी यंत्र सुरळीत चालते. म्हणून ती अनेकदा गुंडाळून खोक्यात सारलेली आढळते. दापोड्यातही नव्या मोटरी बसविल्यावर ती दोन महिने तशीच होती. पूल दोन्ही बाजूंनी दोन मोटरी ओढतात. त्यांतील एकीने हार मानून थांबावे आणि दुसरीने ओढतच राहावे, तर पूल तिरपा होऊन अडकतो. मुक्या मोटरीने जाळी बिघडविली होती. उत्तर देणारी पण न ऐकलेली मोटर चौकटच वाकविते. प्रत्युत्तर विकत घेतले म्हणून ते ऐकले जाते असे नाही, हे भिवंडीचा मागवाला कामगार अधिक चांगले सांगू शकेल.

चकतीची खबर सरळ नियंत्रकापर्यंत नेऊन त्यानेच प्रत्येक क्षणी फरक मोजावा, ही सोयही लिनक्स-सीएनसीमध्ये योग्य पाटी जोडल्यास होऊ शकते. तसे केल्यास दापोड्याचा गाळा १९५२ च्या प्रयोगशाळेच्या तत्त्वाशी जाऊन पोहोचतो. त्या तरुणाने तितके केले नाही. तो खर्च या धंद्यात निघत नाही, असे त्याचे म्हणणे, आणि ते पटण्यासारखे आहे.

त्याने अखेर निवड केली ती अशी. पुलाच्या दोन्ही बाजूंस व आडव्या अक्षास चकतीच्या मोटरी, ४८ व्होल्टचा पुरवठा, दहा मिलिमीटर सरकविणारे दंड. आणि तिन्ही ड्रायव्हरांच्या इशाऱ्याच्या तारा एकत्र करून नियंत्रकाच्या थांबण्याच्या खुणेस जोडलेल्या, जेणेकरून एक जण थांबला की सारे थांबावेत. खाली-वर करणाऱ्या अक्षावर मात्र जुनी मुकी मोटरच राहिली, कारण तिची सरकण आखूड व संथ असून ती अद्याप चुकलेली नाही. लेखक निघाला तेव्हा यंत्र दुसऱ्या एका जाळीचे काम करीत होते, आणि तो तरुण त्याकडे पाठ करून, प्लायवूडच्या तक्त्यावर पेन्सिलीने हिशेब मांडीत, यंत्राच्या आवाजाकडे कान देऊन बसला होता.